खलबत्त्यातलं सोनं : साक्री तालुक्यातल्या एका विहिरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण साक्री तालुक्यातलं आहे. गावाचं नाव, माणसांची नावं काढून टाकलीत, बाकी जसं घडलं तसं लिहितोय. आप्पा म्हणजे आमच्या भाऊबंदकीतले, साठी ओलांडलेले, सहा एकर रान, कापूस आणि बाजरी, आणि एक जुनी विहीर जी होळी झाली की तळ दाखवते. मी जिऑलॉजीत एमेस्सी केलेला, सुरुवातीची चार वर्षं कर्नाटकात सोन्याच्या एक्सप्लोरेशन कॅम्पवर होतो (ऐकायला भारी वाटतं, काम म्हणजे पेटीत लावलेल्या खडकाच्या दांडक्यांवर पाणी मारत दिवसभर बघत बसायचं) आणि आता धुळ्यात राहून पाण्याचे सर्व्हे करतो.

एप्रिलमध्ये आप्पांनी विहीर खोल करायला घेतली. क्रेन लावली, सुरुंग उडवले, पंचेचाळीस फुटांच्या आसपास खडक बदलला. मुरूम आणि भेगाळलेला काळा दगड संपून एका बाजूला एकदम घट्ट, बारीक दाण्याचा, उभा पट्टा लागला. हा डाइक. लाव्हा खालून वर येताना ज्या भेगेतून चढला त्या भेगेतच थिजून राहिलेली ही भिंत. धुळे-नंदुरबारकडे असे डाइक ढिगाने आहेत, माळावर कुणीतरी मैलभर दगडी बांध घातल्यासारखी सरळ टेकाडं दिसतात ती हीच. तर या पट्ट्याच्या कडेला दोन-तीन इंच जाडीची पांढरी शीर होती आणि त्या शिरेत पिवळे चमकणारे दाणे. क्रेनवरच्या पोरांनी आधी बघितले, संध्याकाळपर्यंत पारावर पोचले.

आप्पांचा भाचा जळगावला एका सराफाच्या दुकानात कामाला. जळगावचं नावच सुवर्णनगरी, तिथे असा दगड घेऊन गेल्यावर कोण गप्प बसणार.

अडचण कशी तयार झाली

माझ्यापर्यंत फोन आला तोवर तीन गोष्टी होऊन गेल्या होत्या.

भाच्याने दगडाचा तुकडा दुकानातल्या कॅरेटमीटरखाली धरला, मशीनने दाखवलं सोनं २.३ टक्के. मग ओळखीचा एक कारागीर म्हणाला की मशीनवर जाऊ नको, लॅबला पाठव, पूड करून पाठव. आणलेले सगळे तुकडे त्याच्याच खलबत्त्यात कुटले, पिशवी एका खाजगी लॅबला गेली आणि आठवड्याभरात रिपोर्ट आला, ३.६ ग्रॅम प्रति टन. आणि तिसरी गोष्ट म्हणजे या रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरत फिरत एका एजंटकडे पोचला. तो पांढऱ्या गाडीतून आला, विहिरीत उतरला सुद्धा नाही, वरूनच बघून म्हणाला की शीर मोठी आहे, काम थांबवा, खराब करू नका, मोठी पार्टी आहे आमच्याकडे. त्याला सर्व्हे आणि रजिस्ट्रेशनचे दीड लाख हवे होते आणि स्टॅम्प पेपरवर सही.

आप्पांनी काम थांबवलं. क्रेनचं भाडं चालू, पावसाळा दीड महिन्यावर, गुरांना पाणी टँकरचं. दीड लाख म्हणजे आप्पींच्या, आप्पांच्या बायकोच्या, पाटल्या. मला फोनवर एवढंच म्हणाले, "भाऊ, सोनं शे का नही, एवढंच सांग."

पहिला निर्णय, आणि तो मी चुकवला

मी फोनवरच लेक्चर चालू केलं. आप्पा, आपला सगळा भाग डेक्कन ट्रॅपचा, हा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आणि सोनं असतं ते जुन्या खडकात, अडीच-तीनशे कोटी वर्षांच्या, कर्नाटकातल्या कोलार आणि हट्टीच्या खाणींकडच्या, तरुण खडकात सोनं नसतं. झालं. दुसऱ्या दिवशी भाच्याचा मेसेज, दादा, जपानमध्ये हिशिकारी नावाची खाण आहे, तिथल्या शिरा जेमतेम दहा लाख वर्षांच्या आहेत आणि टनाला ३० ग्रॅमच्या वर सोनं निघालंय, मग आपला खडक तर म्हाताराच म्हणायचा ना?

पोरगं बरोबर होतं. माझं वाक्य चूक होतं. आणि घाईघाईत सावरायला मी गावच्या ग्रुपवर लिहिलं की "शक्यता फार कमी आहे पण तपासायला हरकत नाही", तर एजंटने त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून लोकांना दाखवला, बघा, तुमच्याच गावचा जिऑलॉजिस्ट तपासा म्हणतो. खडकाचं वय सांगत बसण्याऐवजी मी पहिल्याच फोनवर एक साधा प्रश्न विचारायला हवा होता, पूड कुठे केली? तो विचारायला मला नऊ दिवस लागले.

खडकाच्या बाजूने विचार केला तर

वय हे काही कारण नव्हे, मग आपल्याकडे सोनं का नसावं हे मलाच नीट मांडून बघावं लागलं.

सोनं तसं सगळ्याच दगडात असतं. पृथ्वीच्या कवचात सरासरी अब्जात एक-दीड भाग, म्हणजे हजार टन खडक फोडला तर एखाद-दीड ग्रॅम. आपल्या काळ्या पाषाणातही साधारण तेवढंच, थोडं जास्त. तेव्हा एखाद्या जागी सोनं "आहे का" हा प्रश्नच नाही, तिथे ते अडीच-तीन हजार पट गोळा कुणी केलं हा प्रश्न आहे. ३.६ ग्रॅम टनाला म्हणजे तेवढं गोळा झालेलं.

धारवाडच्या जुन्या खडकांत हे काम गरम पाण्याने केलं. तिथले हिरवट शिस्ट (दाबाने पापुद्रे पडलेला खडक) हेही मुळात बेसाल्टच, म्हणजे आपल्यासारखाच काळा पाषाण बरं का, समुद्रतळावर सांडलेला लाव्हा, पण तो नंतर खोल गाडला गेला, तापला, दाबला गेला आणि त्याच्या खनिजांत बांधलेलं पाणी बाहेर पडलं. त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड होता आणि गंधक होतं. सोनं एरवी सहजासहजी विरघळत नाही पण अशा पाण्यात गंधकाचा हात धरून विरघळतं आणि मोठमोठ्या भेगांमधून वर चढतं. साधारण २५० ते ४०० अंशाच्या टप्प्यात हे पाणी लोखंड भरपूर असलेल्या खडकाला भिडलं की गंधक लोखंडाशी लग्न लावून पायराइट (सोन्यासारखं पिवळं चमकणारं खनिज) होऊन बसतं आणि सोनं बिचारं एकटं पडतं, तिथेच खाली बसतं. किंवा भूकंपात भेग एकदम उघडली, दाब धाडकन उतरला की गारगोटी आणि सोनं दोन्ही भिंतीला चिकटतात, भेग पुन्हा बुजते, पुन्हा फुटते, असं शेकडो वेळा. कोलारला ही शीर तीन किलोमीटरपेक्षा खोल खणत नेली, १८८० च्या सुमारापासून २००१ ला बंद होईपर्यंत ८०० टनांच्या वर सोनं निघालं तिथून.

(दक्षिण आफ्रिकेतलं विटवॉटर्सरँड हे आणखी वेगळंच गणित. तिथे सोनं जुन्या नद्यांच्या गोट्यांच्या थरात आहे आणि त्याच्यासोबत पायराइटचे गोल झिजलेले दाणे. आज नदीत पायराइट असा टिकत नाही, हवेतल्या ऑक्सिजनने गंजून जातो. तो टिकला कारण तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हताच. सोन्याच्या खाणीत जुन्या हवेचा पुरावा सापडतो, मला या विषयातली ही सगळ्यात आवडती गोष्ट आहे, पण ती आप्पांच्या काही कामाची नाही.)

हिशिकारीचं सोनं ज्वालामुखीखालच्या उकळत्या पाण्याने आणलं, समुद्रतळ खाली बुडतो त्या काठावरचे ज्वालामुखी ते. आपल्याकडे तसं काही झालं नाही. आपला लाव्हा शांतपणे थरावर थर पसरला आणि नंतर त्याच्या पोकळ्यांतून जे कोमट पाणी फिरलं त्याने झिओलाइट, कॅल्साइट (चुन्याचं खनिज), गारगोटी बसवली, जी सावद्याकडून वगैरे जगभरच्या संग्राहकांकडे जाते. त्या पाण्याचं तापमान कमी, गंधक कमी, आणि सोन्याची मोठी शीर बसवणारी भेगांची नळयोजना नाही.

एजंटचा एक मुद्दा मात्र ऐकण्यासारखा होता, खोटा माणूसही कधीकधी अर्धं खरं बोलतो. तो म्हणे, काळा पाषाण हे फक्त झाकण आहे, खाली धारवाडचेच खडक. झाकण हे खरं आहे. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर बोअर घेतलं तेव्हा ३३८ मीटर बेसाल्टखाली जुने स्फटिकी खडक लागलेच. पण त्याचं पुढचं वाक्य, की खालचं सोनं डाइकमधून वर आलं, ते पटत नाही. धारवाडचं सोनं अडीचशे कोटी वर्षांपूर्वी जागेवर बसलंय, ते उठवून वर आणायला पुन्हा तसंच गंधकाचं गरम पाणी लागेल. डाइकमधून लाव्हा आला, पाइपलाइन नव्हे. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा मिळाल्यात त्या पूर्व विदर्भात, साकोली पट्ट्यातल्या जुन्या खडकांत, जिथे वर झाकणच नाही.

एवढं सगळं मांडूनसुद्धा "शक्यता फार कमी" यापुढे मी जाऊ शकत नव्हतो. कारण पायराइट सोन्याचा जुना सोबती आहे, कधीकधी सोनं पायराइटच्या आतच इतकं बारीक लपलेलं असतं की भिंगाखालीही दिसत नाही. वेड्याचं सोनं म्हणून हसून सोडून देणं हे भूगर्भशास्त्र नव्हे. आणि हातात लॅबचा कागद होता.

समोर असलेले पर्याय

एक, एजंटला पैसे द्यायचे. हा मी पाच मिनिटांत बाद केला. सोनं हे मेजर मिनरल, आपल्या शेतात असलं तरी खणायला खाणपट्टा लागतो, २०१५ ची दुरुस्ती झाल्यापासून असे पट्टे सरकार लिलावाने देतं. स्टॅम्प पेपरवर रजिस्ट्रेशन असा प्रकारच नाही. पण आप्पांना हे पटायला वेळ लागला, एजंटचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता.

दुसरा पर्याय सरकारी खात्याला कळवायचा. योग्य मार्ग, पण तिथून उत्तर येईपर्यंत विहीर थांबवली असती तर हंगाम गेला असता. तिसरा, काहीच न करता खोदकाम पुढे न्यायचं. आप्पी याच बाजूच्या होत्या, त्या म्हणाल्या सोनं असेल तर पाण्याखाली काय कुजणार आहे का, आणि खरं सांगू, या सगळ्या प्रकरणात सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं.

चौथा, नीट नमुने घेऊन पुन्हा तपासायचं. मी तिसरा आणि चौथा एकत्र करायचं सुचवलं, विहिरीची एक बाजू आठ दिवस राखायची आणि दुसरीकडून काम चालू करायचं. एकट्या तिसऱ्यावर थांबलो असतो तर विहीर झाली असती पण गावाच्या डोक्यातली शीर तशीच राहिली असती, आणि आप्पांनी पाटल्या कधीतरी मोडल्याच असत्या.

काय केलं

विहिरीत उतरल्यावर पहिलं काम घरगुती. दाणा ऐरणीवर ठेवून हातोडी मारली, भुगा झाला. सोनं असतं तर चपटं झालं असतं. चहाच्या फुटलेल्या कपाच्या खरबरीत कडेवर घासला, रेघ हिरवट काळी. तव्यावर तापवला, गंधकाचा वास. दाणे पायराइटचे, शीर कॅल्साइटची, लिंबू पिळलं तर फसफसली. इथवर आप्पांना समजलं, आणि ते बरोब्बर बोट ठेवत म्हणाले, मग मशीनने सोनं कसं दाखवलं?

जळगावला जाऊन ते मशीन बघितलं. कॅरेटमीटर एक्स-रे मारून परत येणाऱ्या किरणांवरून धातू ओळखतं, आणि ते दागिन्यांसाठी बसवलेलं आहे. त्याला सोनं, चांदी, तांबं, जस्त असे धातूच माहीत, ऑक्सिजन, सिलिकॉन त्याच्या हिशोबात नाहीत, आणि जे दिसतं त्याची बेरीज ते शंभर करून टाकतं. वर जस्ताची एक रेषा सोन्याच्या मुख्य रेषेला अगदी खेटून आहे. दगड ठेवला की मशीन गोंधळतं पण गोंधळलोय असं सांगत नाही, आकडा देतं. शिवाय २.३ टक्के म्हणजे टनाला तेवीस किलो! एवढं सोनं असतं तर मशीनची गरजच नव्हती, डोळ्यांनी दिसलं असतं. हा गुणाकार कुणीच केला नाही, मीही आधी केला नव्हता.

लॅबचा आकडा मात्र असा उडवता येत नव्हता. त्यांनी फायर ॲसे (भट्टीत वितळवून सोनं मोजायची पद्धत) केलेलं, सोनारांच्या टंच काढण्याचाच मोठा भाऊ. पूड शिशाच्या ऑक्साइडसोबत, टाकणखार आणि चक्क मैदा घालून मुशीत वितळवतात, शिसं सोनं पकडून तळाला बसतं, मग ते शिसं कपेलमध्ये (सच्छिद्र वाटीत) शोषून टाकलं की सोन्याचा मणी उरतो. पद्धत पक्की. मग मी कारागिराला विचारलं की हा खलबत्ता तुम्ही एरवी कशाला वापरता. तो सहज म्हणाला, फुटक्या मुशी आणि गाळ कुटायला, नंतर झारेकऱ्याला देतो ना.

तिथेच बसलो मी. झारेकरी लोक पिढ्यानपिढ्या सोनारांच्या दुकानातली धूळ धुऊन सोनं काढतात, अख्ख्या जळगावला माहीत आहे की त्या धुळीत सोनं असतं, आणि आम्ही दगड त्याच धुळीत कुटला. हिशोब असा. लॅब ३० ग्रॅम पूड घेते. त्यात ३.६ ग्रॅम प्रति टन यायला सोनं किती लागतं? मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, त्यामुळे एवढा कण एका बाजूला मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा, रव्यापेक्षा बारीक. तेवढं पिशवीत पडलं की साक्री तालुक्यात सोन्याची खाण.

पण "पडलं असेल" आणि "पडलं" यात फरक आहे, म्हणून सहा नमुने पाठवले. शिरेचे दोन, डाइकच्या कडेचा एक, आणि विहिरीपासून लांबचा साधा काळा दगड एक, हे चार नवीन हातोडीने, लोखंडी पाट्यावर, आधी स्वच्छ गारगोटी कुटून पाटा साफ करून केले. पाचवा म्हणजे ती गारगोटीच. आणि सहावा, रस्त्याच्या खडीचा एक तुकडा, मुद्दाम त्या कारागिराच्या खलबत्त्यात कुटलेला. पिशव्यांवर फक्त नंबर, कोणती कशाची ते लॅबला सांगितलं नाही.

निकाल

पहिले पाच, ०.०१ ग्रॅम प्रति टनापेक्षा कमी, म्हणजे लॅबला मोजता येण्याजोगं काहीच नाही. सहावा, रस्त्याची खडी, ५.१ ग्रॅम प्रति टन.

भाचा बराच वेळ तो कागद बघत होता आणि म्हणाला, दादा, मग खाण रस्त्यावर काढू या का. कारागीरही मनमोकळा माणूस, तो म्हणाला आता खलबत्ता धुऊन घेतो, माझंच सोनं जातंय की.

आप्पांना आनंद झाला की वाईट वाटलं मला अजून कळलेलं नाही. क्रेनवाल्याला फोन करून म्हणाले ये उद्या. डाइक घट्ट असला की जमिनीखालचं पाणी अडवून धरतो, आणि कडेची भेगाळ जागा चांगली झिरपते, हे माझं रोजचं काम, त्यामुळे खोदकाम चढाकडच्या बाजूला वळवलं. एकोणसाठ फुटांवर त्या पांढऱ्या शिरेच्याच रेषेत झरा लागला. फार मोठा नाही, पण त्या वर्षी टँकर थांबला.

वेगळं काय करता आलं असतं

भाच्याने सगळे तुकडे कुटून टाकले, मूळ दगड एकही शिल्लक ठेवला नाही, त्यामुळे पहिला रिपोर्ट पुन्हा तपासायची सोयच नव्हती. अर्धा राखून ठेवायला हवा होता. यात त्याला काय बोलायचं, १९९७ मध्ये इंडोनेशियातल्या बुसांगचा ब्रे-एक्स कंपनीचा घोटाळा उघडा पडला तेव्हा तिथेही अख्खा कोअर (बोअरमधून काढलेलं खडकाचं दांडकं) कुटून टाकलेला होता, अर्धा राखायचा नेहमीचा नियम मोडून, आणि पुडीत सोनं वरून मिसळलेलं. तिथे लबाडी होती, इथे फक्त घाणेरडा खलबत्ता, पण लॅबच्या भट्टीला दोन्ही सारखेच.

माझ्याकडून झालेलं वर लिहिलंच आहे. अजून एक म्हणजे त्या ग्रुपवर मी "तपासायला हरकत नाही" लिहिलं तेव्हाच "तोवर कुणाला एक रुपया देऊ नका" हेही लिहायला हवं होतं. आप्पांनी दिले नाहीत, पण एजंट येऊन गेल्यावर शेजारच्या एकाने आपल्या विहिरीच्या सर्व्हेसाठी दहा हजार देऊन टाकले होते, ते आम्हाला नंतर कळलं. परत मिळाले नाहीत.

लॅबचंही मला थोडं खटकतं. रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की नमुना जसा मिळाला तसा तपासला, म्हणजे निकाल पिशवीचा आहे, शेताचा नाही. कायदेशीर दृष्ट्या चोख. पण ते वाक्य इंग्रजीत, सगळ्यात लहान टायपात, आणि व्हॉट्सॲपवर फिरलेल्या फोटोत नेमका तेवढा भाग कापलेला.

तो फोटो अजून फिरतोय. दिवाळीच्या सुमारास शिंदखेडा तालुक्यातून एका ओळखीच्या बोअरवाल्याने मला पाठवला, तोच ३.६, तारीख खोडलेली, खाली दुसऱ्या गावाचा गट नंबर पेनाने लिहिलेला, आणि विचारत होता, दादा, हे खरं आहे का. मी त्याला आधी विचारलं, पूड कुठे केली?